केबलींची ओळखपरेड: घरच्या चार्जिंगच्या नोंदी

४ जानेवारी, रविवार

आज घरातल्या सगळ्या सुट्या केबली एका चादरीवर काढल्या. टीव्हीखालचा खण, अभ्यासाच्या टेबलाखालचा डबा, प्रवासी बॅगांचे कप्पे आणि कपाटावरचं मोठं खोकं, सगळं रिकामं केलं. जोडलेल्या, रोज वापरात असलेल्या केबलींना अजून हात लावलेला नाही.

काम कशासाठी करायचं ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवते. घरातल्या कुणालाही, दुसऱ्याला न विचारता, हव्या त्या वस्तूसाठी बरोबर केबल आणि बरोबर चार्जर हाती लागला पाहिजे. ‘कुणालाही’ यात आई आलीच. तिची श्रवणयंत्रं रोज रात्री त्यांच्या डबीत चार्ज होतात, आणि मध्ये काही वेळा सकाळी ती रिकामी निघाली. यंत्रं बंद असली की तिचा अख्खा दिवस घरातल्या बोलण्याबाहेर जातो. माझ्या दृष्टीने या कामाचं खरं मोल तिथे आहे.

डबे, क्लिपा, पट्ट्या यांची खरेदी एवढ्यात करायची नाही. डोळ्याला गुंता दिसतो वायरींचा, पण अडतं ते ओळखीपाशी. दोन काळ्या केबली शेजारी ठेवल्या तर लॅपटॉप कोणती चार्ज करेल हे नुसतं बघून सांगता येत नाही. ओळख पटवायच्या आधीच त्या सुबक गुंडाळून ठेवल्या तर घोळ तसाच राहील, फक्त नीटनेटका दिसेल.

आजची वाटणी नुसती टोकांवरून केली. मिनी यूएसबी, मायक्रो यूएसबी, लायटनिंग (ॲपलच्या वस्तूंचं), टाइप-ए (नेहमीचं रुंद, चपटं यूएसबी टोक) ते सी (छोटं, कसंही बसणारं टोक), सी ते सी, गोल पिनेचे अडॅप्टर, एचडीएमआय, नेटवर्कच्या केबली, आवाजाच्या केबली. टोकावरून वस्तूचा काळही कळतो. मायक्रो यूएसबी २००७ मध्ये आलं, लायटनिंग २०१२ मध्ये, टाइप-सीचं मानक २०१४ मध्ये. मिनीवाल्या केबली त्याआधीच्या कॅमेऱ्यांच्या आणि हार्ड डिस्कच्या असणार.

५ जानेवारी, सोमवार

गोल पिनेचे अडॅप्टर घेतले. धोका इथे सगळ्यात जास्त आहे, म्हणून पहिला नंबर यांचा.

अडॅप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरात जे छापलेलं असतं ते भिंगातून वाचायला बसले. ‘इनपुट’ची ओळ बहुतेकांवर सारखीच असते: १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ. बघायची ती ‘आउटपुट’ची ओळ. व्होल्टनंतर सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असली तर डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज. नागमोडी रेघ असली तर एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज. काही जुन्या उपकरणांचे अडॅप्टर एसीच बाहेर देतात आणि दिसायला बाकीच्यांसारखेच असतात, ते आजच वेगळे काढले. गोल खुणेला जोडलेले अधिक-उणे हे पिनेच्या आतली बाजू कोणती आणि बाहेरची कोणती ते सांगतात. चौकोनात चौकोन म्हणजे दुहेरी इन्सुलेशन, आणि घराचं चित्र म्हणजे फक्त घरात वापरायचं.

जुळणीचा नियम वहीत मोठ्या अक्षरात लिहिला. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत. ॲम्पियर तेवढे किंवा जास्त चालतात, कारण उपकरण आपल्याला लागेल तेवढाच प्रवाह ओढतं. अधिक-उणे जुळलंच पाहिजे.

चौथी गोष्ट पिनेच्या मापाची, आणि ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. बाहेरून ५.५ मिलिमीटर जाडीच्या प्लगांमध्ये आतलं भोक कधी २.१ मिलिमीटरचं असतं, कधी २.५ चं. २.५ चा प्लग २.१ च्या पिनेवर बसतो, पण सैल. मग जरा धक्का लागला की राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि आपण इंटरनेटवाल्यांना फोन लावत बसतो. याच्या उलट भीती मोठी आहे: १९ व्होल्टच्या अडॅप्टरचा प्लग १२ व्होल्टच्या राउटरमध्ये सहज बसू शकतो, कारण या गोल पिनेत चूक अडवणारी काहीच सोय नाही.

म्हणून प्रत्येक अडॅप्टरवर उपकरणाचं नाव आणि व्होल्ट लिहिले. उपकरणाच्या पाठीमागे, पिनेच्या भोकाशेजारीही तेच लिहिलं. एकाच बाजूला लिहून भागत नाही. ज्यांचं उपकरणच आता घरात नाही असे अडॅप्टर बाजूला काढले.

१० जानेवारी, शनिवार

यूएसबी मीटर आलं. बोटभर लांबीचं असतं, चार्जर आणि केबलच्या मध्ये लावायचं, पडद्यावर व्होल्ट आणि ॲम्पियर दिसतात. मला मोजायचंय ते केबलीच्या पलीकडच्या टोकाला, म्हणून मी ते तिकडे लावलं आणि पुढे रिकामी पॉवर बँक जोडली. प्रत्येक केबलीला तीच पॉवर बँक आणि तोच चार्जर, नाहीतर आकड्यांची तुलना करता येत नाही.

फरक बघून थक्क झाले. एकाच चार्जरवर आखूड, जाड केबल भरपूर प्रवाह नेते. लांब, बारीक केबल त्याच्या निम्म्यावर अडते आणि तिच्या टोकाला व्होल्टही उतरलेले दिसतात. कारण तांब्याच्या तारेचा रोध. केबलीच्या आवरणावर पुष्कळदा ‘२८ एडब्ल्यूजी’, ‘२४ एडब्ल्यूजी’ असं छापलेलं असतं. ही तारेची जाडी, आणि आकडा जितका लहान तितकी तार जाड. २८ गेजच्या तारेचा रोध दर मीटर लांबीला साधारण ०.२१ ओहम, २४ गेजचा साधारण ०.०८४. दोन मीटरच्या केबलीत वीज जाते दोन मीटर आणि परत येते दोन मीटर, म्हणजे तार धरायची चार मीटर. २८ गेजला हा रोध झाला ०.८५ ओहमच्या आसपास. त्यातून २ ॲम्पियर नेऊ म्हटलं तर वाटेतच १.७ व्होल्ट खर्ची पडतात आणि ५ मधले उरतात ३.३. फोन एवढं होऊ देत नाही. व्होल्ट पडताहेत हे कळलं की तो स्वतःच कमी प्रवाह ओढतो, आणि आपण म्हणतो चार्जर बिघडला. तेवढ्याच लांबीला २४ गेजमध्ये घट ०.७ व्होल्टच्या आतच राहते.

चार्जरवर ठपका ठेवण्याआधी केबल बदलून पाहावी, हे आता घरात सगळ्यांना सांगितलंय.

काही केबलींमध्ये माहिती नेणाऱ्या तारा नसतातच, फक्त वीज नेणाऱ्या दोन तारा असतात. संगणकाला फोन जोडला आणि तो दिसलाच नाही तर ती अशी केबल. यांना ‘फक्त चार्ज’ असं नाव दिलं. त्या टाकायच्या नाहीत. अनोळखी यूएसबी पॉइंटवर फोन लावायची वेळ आली तर हीच केबल चांगली, तिच्यातून फोनमधली माहिती इकडची तिकडे होऊ शकत नाही.

११ जानेवारी, रविवार

सी ते सी केबली. दोन्ही टोकं सारखी, आणि आत काय आहे ते बाहेरून कळत नाही.

पायाची गोष्ट अशी. ६० वॅट ५ व्होल्टवर द्यायचे तर १२ ॲम्पियर लागतील आणि बारीक तार तापेल. म्हणून पॉवर डिलिव्हरी पद्धतीत चार्जर आणि उपकरण आधी आपसात बोलतात आणि व्होल्ट वाढवून घेतात: ५, ९, १५, २०. २० व्होल्टला ३ ॲम्पियर म्हणजे ६० वॅट, आणि एवढं प्रत्येक धड सी ते सी केबलीला जमलंच पाहिजे. त्यापुढे ५ ॲम्पियर न्यायचे तर केबलीच्या टोकात एक ओळख सांगणारी चिप लागते. चिप नसेल तर १०० वॅटचा चार्जरही ३ ॲम्पियरवर थांबतो. २०२१ मध्ये ही पद्धत ४८ व्होल्ट, ५ ॲम्पियर, म्हणजे २४० वॅटपर्यंत वाढली. हल्लीच्या प्रमाणित केबलींवर ६० किंवा २४० असं वॅटचं चिन्ह छापलेलं असतं. आमच्या बऱ्याच केबलींवर काहीच छापलेलं नाही, त्यामुळे लॅपटॉप, मोठा चार्जर आणि मीटर लावून एकेक तपासली.

वॅट आणि वेग यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे नव्याने पक्कं झालं. लॅपटॉपसोबत आलेली जाडजूड केबल भरपूर वीज नेते, पण माहिती नेते जुन्या यूएसबी २.० च्याच वेगाने, सेकंदाला ४८० मेगाबिट. प्रत्यक्षात सेकंदाला ३५-४० मेगाबाइट पदरात पडतात. त्यामुळे फोटोंचा साठा हार्ड डिस्कवर घ्यायला तासन्‌तास लागत होते. हार्ड डिस्कची स्वतःची आखूड केबल ५ गिगाबिटची आहे. ती आता डिस्कपासून हलवायची नाही, डिस्कच्याच पिशवीत राहील.

१३ जानेवारी, मंगळवार

आईच्या डबीचं कोडं सुटलं, आणि आज मला फार बरं वाटतंय.

डबीला टाइप-सीचं भोक आहे. आमची समजूत अशी की कुठलीही टाइप-सी केबल चालेल. आज पद्धतशीर पाहिलं. टाइप-ए ते सी केबल लावली की डबीचा दिवा लागतो, मग चार्जर कुठलाही असो. सी ते सी केबल लावली की दिवा लागतच नाही. केबल बदला, चार्जर बदला, टोक उलटं करा, काही उपयोग नाही. म्हणजे ज्या रात्री हाताशी सी ते सी केबल आली त्या रात्री यंत्रं चार्ज झाली नाहीत. आई डबी लावत होती अगदी बरोबर.

कारण असं आहे. टाइप-एच्या भोकात ५ व्होल्ट कायम हजर असतात. टाइप-सीचा चार्जर मात्र समोर खरंच उपकरण आहे याची खूण पटल्याशिवाय वीज सोडत नाही. ही खूण म्हणजे उपकरणाच्या आत बसवलेले ५.१ किलो-ओहमचे दोन छोटे रोधक. स्वस्तात उरकलेल्या किंवा घाईने मायक्रो यूएसबीवरून टाइप-सीवर आणलेल्या वस्तूंमध्ये ते बसवलेलेच नसतात. चार्जरला समोर कुणी दिसत नाही, तो गप्प राहतो. यात चार्जरचा दोष नाही, केबलीचा नाही आणि वापरणाऱ्याचा तर मुळीच नाही.

ज्यांच्या घरी एखादी टाइप-सीची वस्तू कधी चार्ज होते आणि कधी नाही, त्यांनी आधी हे तपासावं. दाढीचं मशीन, छोटी विजेरी, मुलांची खेळणी यांच्यात हे सर्रास आढळतं.

उपाय सोपा. आईसाठी टाइप-ए भोकाचा एक छोटा चार्जर आणि टाइप-ए ते सी केबल कायमची वेगळी ठेवली. ती घरात दुसऱ्या कुणी वापरायची नाही.

१७ जानेवारी, शनिवार

नावं लावायचं काम. कागदी चिकटपट्टी केबलीभोवती घेऊन दोन्ही बाजू एकमेकींवर चिकटवल्या की छोटा झेंडा होतो. त्यावर लिहायचं आणि वरून पारदर्शक टेप लावायची, नाहीतर शाई पुसली जाते. झेंडा दोन्ही टोकांना हवा. बोर्डापाशी उभं राहून कुठला प्लग कशाचा हे ओळखायचं तर भिंतीकडचंच नाव कामाला येतं.

काय लिहायचं यावर घरात बरीच चर्चा झाली. माझा बेत होता ‘सी-सी, ६०, ४८०’ असा. लेक म्हणाली, “आई, हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार? कशाला लावायची ते लिही ना.” तिचं पटलं. आता झेंड्यावर मोठ्या अक्षरात काम लिहिलंय: ‘लॅपटॉप’, ‘फोन, जलद’, ‘फोटो संगणकावर घ्यायला’, ‘फक्त चार्ज’. आकडे खाली बारीक. शिवाय तिने रंग ठरवले, लॅपटॉप चालवू शकणाऱ्या केबलींना लाल, बाकीच्यांना निळा.

आई ऐकत होती. ती म्हणाली, “अगं, मी यंत्रं काढते ती दिवा घालवून झोपताना. तेव्हा मला लाल दिसणार की निळं? गाठ मार तिला.” तिच्या केबलीला टोकाजवळ जाड सुती दोरा घट्ट गुंडाळला. अंधारात बोटाला लगेच लागतो. आम्ही सगळे डोळ्यांचाच विचार करत होतो, तिने बोटांचा केला. प्लगची कुठली बाजू वर हे चाचपडणाऱ्या प्रत्येकाला असा दोरा उपयोगी पडेल. मायक्रो यूएसबीची वरची बाजू दाखवायला मी तिथेही दोऱ्याची छोटी गाठ दिली.

१८ जानेवारी, रविवार

चार्जिंगची जागा ठरली. भिंतीलगतचं कमरेएवढ्या उंचीचं फडताळ, वर दगडी फरशी, मागे बोर्ड. ऊन येत नाही, वारा खेळतो. पलंग, सोफा, उशीखाली चार्जिंग बंद. कापसात दबलेल्या फोनची उष्णता बाहेर पडत नाही, आणि लिथियमच्या बॅटरीला उष्णतेसारखा दुसरा शत्रू नाही.

तीन भोकांचा ६५ वॅटचा चार्जर मधोमध ठेवला. एकच लॅपटॉप लावला तर त्याला पुरे ६५ मिळतात. फोन जोडला की वाटणी होते, आमच्या चार्जरवर ४५ आणि २०. दुसरी वस्तू लावताना पहिलीचं चार्जिंग क्षणभर थांबून परत सुरू होतं. तो बिघाड नव्हे, चार्जर नव्याने वाटणी ठरवत असतो. वाटणीचा तक्ता चार्जरच्या अंगावरच बारीक छापलेला आहे, तो मोठा करून भिंतीवर लावला. आईची डबी या चार्जरवर नाही. तिच्या यंत्रांनी इतरांच्या येण्याजाण्यावर अवलंबून राहू नये.

एक्स्टेंशन बोर्ड एकच, भिंतीतल्या पॉइंटवर थेट. बोर्डाला बोर्ड जोडायचा नाही. चार्जरचा एकूण भार फार नसतो, सगळे मिळून दोनशे वॅटही होत नाहीत. पण मोकळं भोक दिसलं की कुणीतरी इस्त्री किंवा हीटर लावतं, आणि एकाच वायरीवर सगळ्याची बेरीज होते. म्हणून मोकळी भोकं झाकली. वायर उरली तर तिची घट्ट गुंडाळी बोर्डाखाली दाबून ठेवायची नाही. मधल्या वेढ्यांची उष्णता बाहेर जात नाही आणि आवरण मऊ पडतं.

चार्जर बोर्डावर तसाच ठेवला तर वीज वाया जाते का, हे लेकीने विचारलं. हल्लीचा चांगला छोटा चार्जर रिकामा असताना ०.१ वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे वर्षाला एक युनिटही नाही. त्यासाठी रोज उपटायची गरज नाही. आत लोखंडी ट्रान्सफॉर्मर असलेले जुने जड अडॅप्टर मात्र रिकामे असतानाही कोमट लागतात. ते उपटून ठेवायचे.

२४ जानेवारी, शनिवार

आता गुंडाळणी. केबल अडॅप्टरभोवती करकचून आवळली की पहिली मोडते ती प्लगच्या मुळाशी, कारण तिथेच तारा रोज तीव्र वाकतात. एक वेढा सरळ, पुढचा उलटा अशी गुंडाळी केली की केबलीला पीळ बसत नाही आणि सोडताना ती गाठी न पडता सुटते. हात बसायला थोडा वेळ लागतो, लेकीला माझ्याआधी जमलं.

बांधायला वेल्क्रोच्या पट्ट्या. प्लास्टिकचे एकदाच आवळता येणारे बंद आतल्या तारा चेपतात आणि सोडवायला कात्री लागते, कात्रीने केबलही कापली जाते. टेबलाखालच्या जोडलेल्या केबली फळीच्या खालच्या बाजूने क्लिपांत बसवल्या, प्रत्येकीला वीतभर सैल ठेवून. लॅपटॉप सरकवला की ओढ प्लगवर येता कामा नये.

२५ जानेवारी

टाकायच्या वस्तू. आवरण फाटलेल्या, वाकवल्यावर चार्जिंग तुटणाऱ्या केबली आधी मधोमध कापल्या, म्हणजे पुन्हा कुणी उचलून वापरणार नाही. मग ई-कचऱ्याच्या पिशवीत. तांबं परत वापरात येतं, कचऱ्यात पुरलं तर जातं वाया.

एका जुन्या फोनची पाठ फुगलेली निघाली. आत वायू धरलाय. असा फोन चार्ज करायचा नाही, दाबायचा नाही, टोचायचा तर अजिबात नाही. जळणाऱ्या वस्तूंपासून दूर, पत्र्याच्या डब्यात झाकण न लावता ठेवलाय, उद्याच संकलन केंद्रात देणार.

१ फेब्रुवारी, रविवार

बॅटरीच्या सवयी ठरवल्या. पूर्ण चार्ज म्हणजे बहुतेक लिथियम सेलचे ४.२ व्होल्ट, आणि त्या टोकाला, त्यातही गरम असताना, जितका वेळ राहील तितकी ती लवकर झिजते. दिवसभर जोडलेल्या लॅपटॉपला आणि फोनना ८० टक्क्यांची मर्यादा लावली. ‘आधी पूर्ण संपव, मग लाव’ हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला, लिथियमला तो लागू नाही. कपाटात ठेवायचा जुना टॅबलेट निम्मा चार्ज करून, बंद करून ठेवला, आणि काही महिन्यांनी बघायची तारीख कॅलेंडरवर टाकली.

आईच्या यंत्रांना मर्यादा नाही. ती रोज पूर्णच भरायची. झिजली तर बॅटरी बदलता येईल, संध्याकाळच्या गप्पांतून तिने उठून जायला नको.

१५ फेब्रुवारी, रविवार

जोडलेल्या केबलींनाही झेंडे लावून झाले. दोन मायक्रो, एक मिनी, एक जास्तीची एचडीएमआय आणि लांब नेटवर्क केबल एवढाच राखीव साठा, ‘जुनं, पण लागतं’ अशा एका पिशवीत. नवी वस्तू घरात आली की वापरायच्या आधी तिची केबल मीटरवर जाते आणि झेंडा लागतो, हे काम लेकीकडे.

बाकी आहे: टीव्हीमागची तीन मीटरची एचडीएमआय मापात नाही, ओढली जाते. जास्त लांबीची मागवायची, ‘अल्ट्रा हाय स्पीड’चं प्रमाणित लेबल बघून. राउटरच्या सैल पिनेसाठी २.१ मिलिमीटरच्या प्लगचा, १२ व्होल्ट आणि किमान दीड ॲम्पियरचा अडॅप्टर आणायचा.